पिकअपची फिलर नळी फुटली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा रात्रीतून वाशीला पोचवणारे, दूधवाले, मंडपवाले, आणि घरात एकच गाडी असल्यामुळे ती दोन दिवस उभी ठेवणं ज्यांना परवडत नाही असे सगळे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. यात डिझेल पिकअप धरलेली आहे. पेट्रोल आणि सीएनजीबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय.

फिलर नळी म्हणजे नेमकी कुठली?

झाकण उघडून पंपाचं नोझल जिथे घालतात तो गळा आणि खालची टाकी यांना जोडणारी जाड रबरी नळी. जवळजवळ मनगटाएवढी. तिच्या शेजारून बोटाएवढी बारीक नळी जाते, ती ब्रीदर. जाड नळीतून डिझेल खाली उतरतं, बारकीतून टाकीतली हवा वर येते. घागर विहिरीत बुडवताना ती गुडगुड करते, कारण पाण्याला आत जायला आणि हवेला बाहेर यायला तोंड एकच. ब्रीदर म्हणजे हवेसाठी केलेलं दुसरं तोंड. त्यामुळे या पानावर जिथे जिथे ‘नळी’ म्हटलंय तिथे दोन्ही धरा. जाड नळी बदलून बारकी तशीच सोडणारे मिस्त्री खूप आहेत.

मग वरपासून खालपर्यंत लोखंडी पाइपच का लावत नाहीत?

कारण टाकी चासीला बांधलेली असते आणि बऱ्याच पिकअपमध्ये गळा असतो हौद्याला. खड्ड्यात एक चाक गेलं की चासी पिळते, हौदा तेवढा पिळत नाही. दोघांत बोट-दोन बोटं फरक पडतो आणि तो रबर सोसतं. ओव्हरलोड गाड्यांच्या नळ्या लवकर जातात त्या याच कारणाने.

टाकी अर्धी असताना काहीच होत नाही, फुल केली की मात्र थेंब पडतात. असं का?

या नळीत नेहमी डिझेल नसतं. इंजिनाकडे जाणारी लाइन वेगळी, तिचा फिलर नळीशी संबंध नाही. फिलर नळी ओली होते ती फक्त भरताना, आणि टाकी गळ्यापर्यंत भरली असेल तेव्हा वळणावर किंवा चढावर. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये पातळी खाली गेली की गळती बंद, आणि मालकही निर्धास्त. म्हणून ही तक्रार महिनोन् महिने तशीच राहते.

नळी गेली आहे हे कसं ओळखायचं?

फुल टाकीनंतर डिझेलचा वास, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला धूळ चिकटलेला काळा ओला पट्टा, पंपावर नोझल सारखं कट होणं, भरताना डिझेल उलटून अंगावर येणं. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये पाणी किंवा लाल माती सापडली तर आधी नळीच बघा.

बघायची पद्धत साधी आहे. गाडी थंड असताना चाकाच्या कमानीतून टॉर्च मारा आणि नळी बोटांनी दाबत वाकवा. वरून ठीक दिसणारं रबर वाकवलं की बाहेरच्या वळणावर चिरा उघडतात. क्लिपच्या कडेला खास बघा. आवळून आवळून पट्टी तिथे रबरात रुतलेली असते आणि नळी अर्धी कापलेली असते.

थोडं गळतंय तर गळू दे. तशीच चालवली तर काय बिघडतं?

बाहेर पडणाऱ्या डिझेलपेक्षा आत जाणारं पाणी जास्त महाग पडतं. चीर डिझेलला बाहेर सोडते तशीच चाकाने उडवलेलं पाणी, चिखल आणि धूळ आत घेते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच ओढलं जातं. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या इंजिनात, डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो आणि इंजिनाच्या डिझेल पंपाच्या, इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या) भागांमधली फट काही मायक्रॉनची. तिथे वंगण म्हणून डिझेलच काम करतं. पाणी आलं की ते वंगण गेलं. एका इंजेक्टरच्या बिलात अशा कित्येक नळ्या आल्या असत्या, हे गिऱ्हाइकाला बिल हातात पडल्यावरच पटतं.

दुसरा प्रश्न आगीचा. ‘डिझेल काय, काडीनेही पेटत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. आपल्याकडे गाड्यांच्या डिझेलसाठी भारतीय मानकाने ठरवलेला फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सियस आहे. म्हणजे त्या तापमानाला डिझेलवर पेटू शकेल इतकी वाफ जमू शकते. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतच ४५ अंश होतात, आणि सायलेन्सर तर त्याहून कितीतरी तापलेला असतो. पुढे काय ते तुम्हीच ठरवा.

साबण, एम-सील, सायकलची ट्यूब यांनी भागेल का?

साबणाची युक्ती खरी आहे. पत्र्याच्या टाकीला बारीक भोक पडलं तर अंगाचा साबण घासून भरायचा. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून गावापर्यंत गाडी येते. जुन्या ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यात साबणाचा तुकडा असायचाच. पण तो न हलणाऱ्या पत्र्यावर टिकतो. नळी सतत वाकते, तिच्यावर साबणही टिकत नाही आणि एम-सीलही. एम-सील कडक होतं आणि त्याच्या कडेला रबर नव्याने फाटतं. सायकलच्या ट्यूबचं रबर डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं.

घरी पोचायचं असेल तर सगळ्यात चांगला तात्पुरता उपाय म्हणजे टाकी फुल न करणं. अर्ध्याच्या खाली ठेवा, नळीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून पाणी आत जाणार नाही असं करा, आणि लवकरात लवकर नळी बदला.

कुठली नळी आणायची? दुकानदार दोन-तीन प्रकार दाखवतो.

चूक बहुतेक वेळा इथेच होते, आणि ती मीही केली आहे. शिकाऊ असताना एका घाईतल्या गिऱ्हाइकाला रेडिएटरची नळी बसवून दिली होती. माप तंतोतंत, काळी कुळकुळीत, बाहेरून काही फरक नाही. महिन्याभरात गाडी परत आली तेव्हा नळी भिजलेल्या पावासारखी फुगली होती आणि क्लिपमधून निसटत होती.

रेडिएटर आणि हीटरच्या नळ्या सहसा ईपीडीएम रबराच्या असतात. ते गरम पाणी उत्तम सोसतं, पण डिझेल-पेट्रोल अजिबात नाही. इंधनाच्या नळीला आतून नायट्राइल रबर लागतं, दुकानात त्याला एनबीआर म्हणतात. बाहेरून ऊन आणि हवा सोसणारं दुसरं रबर, मध्ये धाग्याची वीण. नळीवर छापलेलं वाचा. फिलर आणि ब्रीदरसाठी ‘एसएई ३०आर६’ हा जुना जाणता प्रकार आहे. ‘आर७’ किंवा ‘आर९’ असेल तर ती बहुतेक इंजिनाकडच्या बारीक लाइनची असते. काहीच छापलेलं नसेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर घेऊ नका.

माप नेहमी आतल्या व्यासाचं. जुनी नळी फुगलेली असते, तिचं माप खोटं निघतं. गळ्याचा आणि टाकीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. दोन्ही टोकं एकाच मापाची असतील असंही धरून चालू नका, काही गाड्यांत वरचं आणि खालचं टोक वेगळं असतं.

कंपनीची घडीव नळी घ्यावी की मीटरवर मिळणारी?

मिळत असेल तर कंपनीची. ती त्या गाडीच्या वळणाप्रमाणे साच्यात घडवलेली असते. सरळ नळी जबरदस्तीने वाकवली की वळणावर चपटी होते आणि डिझेल तिथे अडतं. कंपनीची मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही, चासी नंबर द्या. एकाच नावाच्या पिकअपमध्ये टाकीची जागा आणि गळ्याची बाजू वर्षागणिक बदललेली असते.

गाडी जुनी असेल आणि पार्ट बंद झाला असेल तर तारेचं वेटोळं घातलेली इंधनाची नळी घ्या. ती वाकवली तरी चपटी होत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत हिंडलात तर सहसा काम होतं. जुनी नळी सोबत न्या. फोटो दाखवून माप जुळत नाही.

क्लिपा जुन्याच वापरल्या तर?

नको. नळीच्या मानाने क्लिप काहीच किमतीची नाही. स्टेनलेस स्टीलची, शक्यतो आतून गुळगुळीत पट्टी असलेली घ्या, कारण आरपार खाचा असलेली पट्टी रबर किसते. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी क्लिपा एका पावसाळ्यात गंजून चिकटतात. आणि तार पिळून बांधणं हा उपाय नाही. तार एका बाजूला रुतते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते.

हे काम घरी जमेल का?

पाना-स्क्रूड्रायव्हर नीट धरता येत असेल आणि घाई नसेल तर हो. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी. पेट्रोलची असेल तर सर्व्हिसच्या खड्ड्यावर मुळीच नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहते. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. उजेडासाठी बॅटरीवरची एलईडी टॉर्च घ्या. वायर जोडलेला काचेचा बल्ब खाली पडून फुटला तर तीच ठिणगी. ग्राइंडर आणि वेल्डिंग लांब. गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून गॅसकटर आणायची इच्छा झाली की काम थांबवा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, निदान वाळूची बादली तरी.

गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका. खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा आणि उरलेल्या चाकांना दगड.

टाकी रिकामी करावी लागते का? नळी तोंडाने ओढून डिझेल काढलं तर चालेल?

पातळी पाव टाकीच्या खाली आणली तर बहुतेक गाड्यांत पूर्ण रिकामी करायची गरज पडत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे दोन फेऱ्या मारून डिझेल वापरून टाका.

तोंडाने ओढणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते जिवावर बेतू शकतं. पोटात गेलेल्या डिझेलपेक्षा फुप्फुसात गेलेले दोन थेंब वाईट. त्याने फुप्फुसाला रासायनिक सूज येते आणि खोकला, धाप काही तासांनी वाढत जाते. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका, उलटताना ते पुन्हा श्वासनळीत जातं. मीठ-पाणी पाजणं हा तर उफराटा उपाय. थेट दवाखाना. हातपंप पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात सहज मिळतो.

काढलेलं इंधन कॅनमध्ये भरताना कॅन जमिनीवर ठेवा. हौद्यातल्या प्लॅस्टिकच्या चटईवर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर वीज साचते आणि ती निचरायला वाट नसते. पेट्रोल साठवायचं तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना घरगुती मर्यादा ३० लिटर, तीही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात. पाण्याच्या बाटलीत मुळीच नको, तहानलेलं पोर ती बाटली तोंडाला लावतं.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

आधी धुवा. सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. नळीवर, क्लिपांवर आणि टाकीच्या तोंडाभोवती वर्षांचा चिखल असतो. नळी ओढताक्षणी तो टाकीत पडतो. पाण्याने धुवून, हवा मारून, फडक्याने कोरडं करा.

मग झाकण उघडून टाकीतला दाब जाऊ द्या आणि झाकण परत लावा. नळीचा आणि ब्रीदरचा फोटो काढा. कुठली कशावरून, कुठल्या पट्टीखालून जाते हे बसवताना आठवत नाही. क्लिपा ढिल्या करून मागे सरकवा. नळी पिळत पिळत आधी वरून, मग खालून काढा. काढल्याबरोबर टाकीच्या तोंडात धागे न सुटणारं स्वच्छ फडकं कोंबा आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे ते आत विसरणार नाही. हसू नका, टाकीत फडकं सापडलेली गाडी मी पाहिली आहे.

पत्र्याचा गळा असेल तर तो आतून-बाहेरून बघा. गंजून पोपडे निघत असतील तर नवीन नळी बसवून उपयोग नाही, चाळणी झालेल्या गळ्यावर क्लिप धरत नाही.

नवीन नळी लावून बघा. जास्तीची लांबी कापायची तर धारदार पात्याने, एका दमात, काटकोनात. करवतीचा भुसा आत जातो. नळीच्या आतून बोट फिरवा, साच्याची पूड असली तर पुसा. मग क्लिपा आधी नळीवर ओवा. हे विसरून नळी बसवल्यावर कपाळावर हात मारण्याची पाळी प्रत्येकावर एकदा येतेच. टोकाला आतून साबणाचं पाणी किंवा चार थेंब डिझेल लावा. ग्रीस नको, ते सुकत नाही आणि नळी पुढे सरकत राहते. तोंडावर जी उंच कडा असते तिच्या पलीकडे नळी पूर्ण चढली पाहिजे. क्लिप कडेच्या मागे, आणि नळीच्या टोकापासून पाच-सहा मिलिमीटर आत. कडेवरच आवळलेली क्लिप आज धरते आणि उद्या सुटते.

किती आवळायची? रबर पट्टीच्या कडेने किंचित वर आलं की थांबा. त्यापुढचा प्रत्येक वेढा नळी कापायला सुरुवात करतो. प्लॅस्टिकच्या टाकीला तर अजून जपून. आठवड्याने पुन्हा एकदा तपासा, नवीन रबर थोडं बसतं.

टाकी खाली उतरवावीच लागेल का?

गाडीवर अवलंबून आहे. हात टाकीच्या तोंडापर्यंत पोचत असेल तर नाही. पोचत नसेल तर टाकीखाली फळी, फळीखाली जॅक, पट्टे ढिले करून चार-पाच बोटं खाली घ्या. तेवढं बहुधा पुरतं. वायर आणि इंधन लाइन ताणू देऊ नका. ४० लिटर डिझेल म्हणजे साधारण ३३ किलो, वर टाकीचं वजन. एकट्याने करू नका.

जुनी नळी निघतच नाही.

स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लॅस्टिकच्या टाकीचं तोंड तडकलं तर शंभराचं काम हजारांत जातं. नळी तशीही फेकायचीच आहे. तिला पात्याने लांबीच्या बाजूने चीर द्या, अगदी तोंडापर्यंत न कापता, आणि उरलेला थर हाताने फाडा. केळं सोलल्यासारखी निघते.

गळ्याला एक छोटी वायर लावलेली आहे. ती कशासाठी?

अर्थिंग. रबर वीज वाहू देत नाही, त्यामुळे लोखंडी गळा चासीपासून तुटलेला राहतो. भरताना तयार होणारी स्थिर वीज या वायरीने चासीत उतरते. बिनकामाची म्हणून ती कापू नका. गंज घासून, बोल्ट घट्ट करून परत लावा.

नळी नवीन बसवली आणि आता पंपावर नोझल आधीपेक्षा जास्त कट होतंय!

नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. डिझेल वाहताना त्यातून हवा ओढली जाते. छिद्र डिझेलने बुजलं की आत निर्वात होतो, पडदा खेचला जातो आणि घोडा सुटतो. टाकी भरली का, हे नोझलला कळत नाही. त्याला फक्त टोक बुडालं एवढंच कळतं. म्हणजे तुमच्या गळ्यात डिझेल तुंबतंय. कारणं तीनच: नळी लांब ठेवल्यामुळे मध्ये झोळ पडलाय, वळणावर ती चपटी झालीय, किंवा ब्रीदर दबलाय. पंपवाल्याशी भांडण्याआधी ब्रीदर बघा. त्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलेलंही सापडतं.

टाकीत आधीच पाणी गेलं असेल तर?

गाडी चालू करू नका. फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर उघडून काचेच्या बरणीत काढा, पाणी तळाशी वेगळं दिसेल. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असेल किंवा बरणीत बोटभर पाणी आलं तर टाकी पूर्ण उपसून, फिल्टर बदलूनच पुढे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारखी किंवा २०२१ च्या चिपळूणसारखी गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर नळी शाबूत दिसली तरी हे करा. पाणी ब्रीदरमधूनही जातं.

नळी उंदरांनी कुरतडली. पुन्हा लावली तर पुन्हा खातील ना?

खातील. धान्याच्या गोदामाशेजारी किंवा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा त्रास. डांबरगोळ्यांचा वास दोन दिवसांत उडतो. नळीवर बारीक स्टीलच्या जाळीची बाही चढवा, आणि हौद्यातून सांडलेलं धान्य, भाजीचा पाला रोज झाडा. जाळीपेक्षा झाडूनेच जास्त फरक पडतो.

माझी पिकअप पेट्रोलची आहे. काय वेगळं?

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचं रबर इथेनॉलला तयार केलेलं असेलच असं नाही, ते लवकर कडक होऊन चिरतं. बदलताना इथेनॉल सोसणारी, आतून फ्लुओरो रबराचा थर असलेली नळी मागा. पाण्याचंही गणित वेगळं: इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. मग गाडी सकाळी चालूच होत नाही. आणि आगीची काळजी डिझेलच्या कितीतरी पट. पेट्रोलच्या गाडीचं हे काम मी नवख्याला घरी करायला सांगणार नाही.

सीएनजीची नळी पण अशीच बदलायची का?

नाही, हात लावू नका. तिथे २०० बारच्या घरातला दाब असतो आणि पाइप स्टीलचा. अधिकृत केंद्रातच जा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का तेही तिथे बघून घ्या.

शेजारी निळ्या झाकणाचं दुसरं तोंड आहे, त्याची नळी?

ती डीईएफची, म्हणजे युरियाच्या पाण्याची. काही बीएस-६ गाड्यांना असते. तिला इंधनाची नळी लावू नका, आणि तिच्यातलं द्रव चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका. टाकी आधी उपसा.

पासिंगला ही गळती अडवतात का?

इंधनाची गळती दिसली तर गाडी परत पाठवू शकतात. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. त्या तारखेच्या महिनाभर आधी, टाकी फुल करून, गाडी थोड्या उतारावर रात्रभर उभी ठेवा. सकाळी खाली अंथरलेला पुठ्ठा बघा. कोरडा असेल तर पासिंगला न्या. डाग असेल तर आधी बाजारात जा, आणि जाताना जुनी नळी सोबत न्यायला विसरू नका.